इंजिनाचें तेल : स्वस्त कोणतें, महाग कोणतें?

गेल्या आषाढांत नववीच्या वर्गांत घर्षणाचा पाठ चालू असतां कामशेतच्या बाजूनें येणाऱ्या एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारिलें, “सर, गाडींत घालायला सगळ्यांत स्वस्त ऑइल कोणतें?” वर्गांत हंशा पिकला. पाठ चालला होता लांकडी ठोकळ्याचा आणि उतरत्या फळीचा; त्यांत हें ऑइल कोठून आलें, असें इतरांस वाटलें असावें. परंतु विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर हंसूं नव्हतें.

मागाहून चौकशी करितां कळलें तें असें. त्याचे वडील पहांटे चार वाजतां आसपासच्या वाड्यांतील दूध गोळा करून मोटारसायकलीवरून लोणावळ्यास घालतात. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांस दोन मोठे कॅन, आणि जाण्यायेण्याचा पल्ला चाळीस किलोमीटरांचा. ऑइल बदलण्याची वेळ आली तेव्हां त्यांनीं पिंपांतून काढून दिलें जाणारें सुट्टें ऑइल घेतलें. कारण डबाबंद तेलापेक्षां तें एकशें चाळीस रुपयांनीं स्वस्त पडत होतें. महिना-सव्वामहिना गाडी चालली. मग एका सकाळीं भर पावसांत, वलवणच्या अलीकडे, इंजिन जाम झालें. दूध दुसऱ्याच्या टेंपोंत चढवावें लागलें, गाडी ढकलत आणावी लागली, आणि बोअर-पिस्टनच्या कामास साडेसहा हजार रुपये पडले. गाडी आठ दिवस मिस्त्रीकडे उभी राहिली, त्या आठ दिवसांत दोन हॉटेलवाल्यांनीं दुसरा दूधवाला पाहिला. मुलाचा प्रश्न थट्टेचा नव्हता, घरच्या मिळकतीचा होता.

त्या दिवशीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं, हें कबूल करणें भाग आहे. पुढें दोन-अडीच महिने आम्हीं गाड्यांच्या पुस्तिका वाचल्या, मिस्त्रींजवळ बसलों, मालट्रकांच्या मालकांस विचारिलें आणि डब्यांवरील बारीक अक्षरें भिंग लावून वाचलीं. त्यांतून जें हातीं लागलें तें येथें मांडीत आहों. आमच्या मावळांत ज्या घरीं मोटारसायकल नाहीं असें घर विरळा, आणि टेंपो किंवा ट्रकावर पोट असलेलीं घरेंहि पुष्कळ. तेव्हां हा विषय शाळेच्या अंकास अगदींच परका वाटूं नये.

प्रथम तेल इंजिनांत करतें काय, तें पाहूं. ‘तेल निसरडें असतें म्हणून धातु घसरतो’ असें उत्तर बहुतेक मुलें देतात. तें चूक नव्हे, परंतु अपुरें आहे. १८८३ सालची गोष्ट. इंग्लंडांतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेनें बोशां टॉवर नांवाच्या गृहस्थांस फिरत्या आंसाच्या बेअरिंगांचे प्रयोग करण्यास सांगितलें होतें. टॉवर यांनीं बेअरिंगाच्या माथ्यावर तेल घालण्यासाठीं एक भोंक पाडलें. आंस फिरूं लागतांच तेल आंत जाण्याऐवजीं त्या भोंकांतून वर उसळूं लागलें. त्यांनीं भोंकांत बूच मारिलें, बूच उडालें. लांकडाची खुंटी ठोकली. तीहि बाहेर फेंकली गेली. तेव्हां त्यांस उमगलें कीं, आंस आणि बेअरिंग यांच्या मध्यें तेलाचा थर केवळ पसरलेला नसतो, तो दाबाखालीं असतो, आणि त्या दाबावरच सारा भार तोललेला असतो. तीन वर्षांनीं, १८८६ त, ऑस्बर्न रेनल्ड्स यांनीं त्याचें गणित मांडलें. फिरणारा आंस तेलास आपल्याबरोबर ओढून निमुळत्या फटींत कोंबतो, तेथें दाब वाढतो, आणि आंस तेलावर अक्षरशः तरंगतो. म्हणजे चांगल्या स्थितींतल्या इंजिनांत क्रँकचा लोखंडी दांडा बेअरिंगास बहुधा शिवतच नाहीं. दोघांमध्यें केंसाहूनहि पातळ असा तेलाचा पडदा असतो. हा पडदा फाटला कीं धातु धातूस भिडतो, तापतो, आणि शेवटीं धरून बसतो. दूधवाल्यांच्या गाडीस झालें तें हेंच.

या मुख्य कामाखेरीज तेलास आणखी कामें असतात. पिस्टनची उष्णता वाहून नेणें, जळणाची काजळी व मळ स्वतःमध्यें धरून ठेवणें, जळणांतून उत्पन्न होणारें आम्ल मारणें, गंज न चढूं देणें. केवळ निसरडेपणा पाहावयाचा तर खोबरेलहि निसरडें आहे. पण हीं बाकीचीं कामें त्याच्यानें होणार नाहींत. डब्यांतलें तेल म्हणजे मूळ तेल अधिक अनेक पूरक द्रव्यें, आणि आपण जो दाम मोजतों त्यांतला बराचसा भाग या द्रव्यांचा असतो. सुट्ट्या पिंपांत नेमकें हेंच कोणास दिसत नाहीं.

येथें थोडें विषयांतर करण्याचा मोह आंवरत नाहीं. आमच्या आजोबांच्या बैलगाडीखालीं वंगणाचें एक नळकांडें लोंबत असे, आणि आंसास एरंडेल घालीत. एरंडेलाचा पडदा मोठा चिवट असतो. म्हणून मोटारींच्या पहिल्या काळांत विलायतेंतहि त्याचा उपयोग होई. कॅस्ट्रोल हें नांव १९०९ सालीं वेकफील्ड कंपनीनें ठेविलें, त्यांत एरंडाचें इंग्रजी नांव लपलेलें आहे. आज त्याच नांवाचा एक कारखाना घाटाखालीं पाताळगंगेस आहे. परंतु कोणीं आतां उत्साहानें एरंडेल मोटारसायकलींत ओतूं नये. तें तापून राळेसारखें चिकट होतें आणि खनिज तेलांत नीट मिसळतहि नाहीं.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. इंजिनाचें तेल निवडतांना प्रदेश पाहावा लागतो, आणि आपल्या प्रदेशाचीं दोन लक्षणें ठळक आहेत : घाट आणि पाऊस.

बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला, रेल्वे १८६३ त घाट चढली, आणि द्रुतगति मार्ग २००२ सालीं पुरा झाला. रस्ते बदलले, चढ तोच राहिला. खोपोलीहून वर येणाऱ्या गाडीस सुमारें साडेपांचशें मीटर उंची चढावी लागते. विद्यार्थ्यांनीं हें गणित करून पाहावें. मालासह १६ टन वजनाचा ट्रक घेतला, तर नुसत्या उंचीसाठीं लागणारें कार्य १६,००० × ९.८ × ५५०, म्हणजे ८ कोटी ६२ लक्ष जूल. एक लिटर डिझेलमध्यें अदमासें ३ कोटी ६० लक्ष जूल ऊर्जा असते, आणि इंजिन तिच्यापैकीं शेंकडा पस्तीस ते चाळीसच कामास लावूं शकतें. म्हणजे केवळ उंची चढण्यास साडेसहा लिटर डिझेल गेलें. रस्त्याचें घर्षण आणि वाऱ्याचा विरोध निराळा. उरलेली ऊर्जा कोठें गेली? उष्णता झाली. ती पंधरा कोटी जूलांच्या आसपास भरते, आणि तेवढ्या उष्णतेनें साडेचारशें लिटर पाणी उकळीस येईल. तिच्यापैकीं पुष्कळशी धुराबरोबर व रेडिएटरवाटे जाते हें खरें. पण बाकीची तेलाच्या माथीं येते. आणि मोटारसायकलीस तर बहुधा रेडिएटरहि नसतो, वारा आणि तेल एवढेच तिचे दोन आधार. दुचाकींस द्रुतगति मार्गावर मज्जाव असल्यामुळें त्या जुन्या रस्त्यानें, सुटीच्या दिवशीं पर्यटकांच्या गाड्यांच्या रांगेंत अडकत, पहिल्या-दुसऱ्या गियरमध्यें चढतात. इंजिन जोरांत फिरत असतें आणि वारा मात्र लागत नाहीं. तेलाची खरी परीक्षा तेथें होते.

पाऊस हा दुसरा परीक्षक. लोणावळ्यास वर्षाकाठीं चार हजार मिलिमीटरांच्यावर पाऊस पडतो. इंजिन थंड झालें कीं हवेंतील दमट वाफ आंतल्या पत्र्यावर घाम धरते, आणि जळणांतून निर्माण होणारें पाणीहि तेलांत उतरतें. इंजिन पुरेसें तापून अर्धा-पाऊण तास चाललें तर तें उडून जातें. पण घरापासून बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाऊन परत, असाच ज्या गाडीचा दिनक्रम, तिचें तेल कधीं पुरतें तापतच नाहीं. श्रावणांत अशा गाडीचें झांकण उघडलें तर आंत ताकासारखा पांढरट फेंस दिसतो. तो दिसल्यास किलोमीटर भरण्याची वाट न पाहतां तेल बदलावें. बदलल्यावरहि लागलीच पुन्हा तसें दिसलें तर पाणी दुसऱ्याच वाटेनें शिरत आहे असें समजून मिस्त्रीस दाखवावें.

आतां डबा हातांत घ्या. त्यावर पुष्कळ चकचकीत मजकूर असतो, त्याकडे दुर्लक्ष करावें. वाचावयाच्या गोष्टी तीनच आहेत.

पहिली गोष्ट दाटपणा. ‘२०डब्ल्यू-४०’ अथवा ‘१०डब्ल्यू-३०’ अशी खूण असते. घरांत आपण पाहतोंच, थंडींत तूप थिजतें आणि तापल्या कढईंत तेल पाण्यासारखें पातळ होतें. इंजिनाच्या तेलाचेंहि तसेंच. म्हणून दोन आंकडे द्यावे लागतात. ‘डब्ल्यू’ हें हिंवाळ्याच्या इंग्रजी शब्दाचें आद्याक्षर. त्याच्या अलीकडचा आंकडा थंडींतील वागणूक सांगतो, पलीकडचा आंकडा तापल्यानंतरची. अलीकडचा आंकडा जितका लहान, तितकें तेल थंडींत लवकर वाहतें. वीस डब्ल्यूच्या तेलाची थंडीची परीक्षा शून्याखालीं १५ अंशांवर घेतात. आपल्याकडे पौषांतल्या पहांटेसहि पारा शून्याजवळ जात नाहीं. तेव्हां काश्मिरांत वा लडाखांत लागणाऱ्या ‘शून्य डब्ल्यू’ तेलासाठीं निव्वळ थंडीच्या भीतीनें अधिक दाम मोजण्याचें मावळांत कारण नाहीं. पलीकडच्या आंकड्याचें मात्र तसें नाहीं. १०० अंश उष्णतेस ३० चें तेल पातळ, ४० चें त्याहून दाट, ५० चें आणखी दाट. ‘घाट चढावयाचा आहे, दाटच घाला’ असें सांगणारे पुष्कळ भेटतात. आमचें मत निराळें आहे. इंजिनांतल्या फटी कारखान्यानें एका ठराविक दाटपणासाठीं राखलेल्या असतात. हिरोच्या स्प्लेंडरीस १०डब्ल्यू-३० सांगितलें आहे, बजाजच्या पल्सरीस २०डब्ल्यू-५०. दोन्ही गाड्या हाच घाट चढतात. एकीचें दुसरींत ओतलें तर पहिलींत पेट्रोल अधिक जाईल आणि दुसरींत गरम पडदा पातळ पडेल. गाडीच्या पुस्तिकेंत जो आंकडा असेल तो घ्यावा, हा या बाबतींतला सरळ नियम. पुस्तिका हरवली असल्यास कित्येक गाड्यांच्या तेलाच्या झांकणावर वा त्याच्या आसपास तो कोरलेला सांपडतो.

दुसरी गोष्ट दर्जा. अमेरिकेंतील पेट्रोलियम संस्थेनें, म्हणजे ए. पी. आय्. नें, ठरविलेलीं हीं अक्षरें. ‘एस्’ नें आरंभ होणारीं पेट्रोलच्या इंजिनांसाठीं, ‘सी’ नें होणारीं डिझेलच्या. दुसरें अक्षर वर्णमालेंत जितकें पुढें, तितका दर्जा नवा. ‘एस् जे’ नव्वदीच्या दशकांतला, ‘एस् एल्’ २००१ चा, ‘एस् एन्’ २०१० चा, ‘एस् पी’ २०२० चा. ‘एस् ए’ पासून ‘एस् एच्’ पर्यंतचे दर्जे त्या संस्थेनेंच कालबाह्य ठरविले आहेत. ज्या डब्यावर अक्षरेंच नाहींत, अथवा ‘उत्तम प्रतीचें’ एवढेंच लिहिलें आहे, तो डबा कितीहि स्वस्त असला तरी फळीवरच राहूं द्यावा.

तिसरी गोष्ट केवळ दुचाकींची, आणि हीच लोक सर्वांत अधिक विसरतात. मोटारीचा क्लच तेलाबाहेर कोरडा असतो. बहुतेक मोटारसायकलींत मात्र इंजिन, गियर आणि क्लच हीं तिन्हीं एकाच तेलांत बुडालेलीं असतात. मोटारींसाठीं पेट्रोल वांचविणारीं जीं नवीं पातळ तेलें निघालीं आहेत, त्यांत घर्षण कमी करणारीं खास द्रव्यें घातलेलीं असतात. तीं क्लचच्या प्लेटांवर बसलीं कीं क्लच घसरूं लागतो. ॲक्सिलरेटर पिळला तर इंजिन ओरडतें, गाडी मात्र पुढें जात नाहीं, आणि भरल्या कॅनांसह चढावर ही स्थिति ओढवली तर चालकाची काय गत होईल तें सांगावयास नको. म्हणून जपानी वाहन-मानक संस्थेनें ‘जासो’ या नांवानें खुणा ठरविल्या. तेलांतल्या क्लचसाठीं ‘एम् ए’ अथवा ‘एम् ए-२’, आणि ॲक्टिव्हासारख्या गियर नसलेल्या स्कुटरींसाठीं ‘एम् बी’, कारण त्यांत क्लच तेलांत नसतो. घरांत मोटारसायकल व स्कुटर दोन्ही असतील तर एकच मोठा डबा आणून दोन्हींत घालण्याचा विचार मनांत येतो. तो करूं नये. मोटारसायकलींत ‘एम् बी’ जाणें विशेष वाईट.

या तीन खुणा जुळल्या, म्हणजे मग किंमत पाहावी, आधीं नव्हे. किंमतहि डब्याची पाहूं नये, किलोमीटराची पाहावी. भाव बदलत असतात, म्हणून केवळ गणितासाठीं आंकडे धरूं. एक सुट्टें तेल २२० रुपयांस मिळालें, आणि मिस्त्री म्हणाला कीं दोन हजार किलोमीटरांवर बदला; किलोमीटरास ११ पैसे पडले. योग्य खुणांचें साधें खनिज तेल ३६० रुपयांस मिळालें, तें चार हजार चाललें, ९ पैसे. सिंथेटिक तेल ७५० रुपयांस घेतलें आणि सहा हजार चालविलें; साडेबारा पैसे. येथें मधलें सर्वांत स्वस्त ठरलें. आंकडे बदलले तर निकालहि बदलेल. परंतु पुस्तिकेंत लिहिलेल्या मर्यादेपलीकडे कोणतेंहि तेल ताणून गणित जिंकण्याचा प्रयत्न करूं नये.

सिंथेटिकविषयीं आम्हांस वारंवार विचारण्यांत आलें. तें तेल अधिक एकजिनसी असतें, उष्णतेंत लवकर बिघडत नाहीं, हें सर्व खरें आहे. पुस्तिकेंत तें सांगितलें असेल तर तेंच घालावें. मोठ्या, वेगवान इंजिनांस त्याची गरज असते. शंभर-सव्वाशें सी. सी. च्या, रोज चाळीस किलोमीटर चालणाऱ्या गाडीस मात्र योग्य खुणांचें खनिज तेल वेळेवर बदललें तर पुरतें. कंपनी मोठी कीं लहान, देशी कीं विदेशी, हा प्रश्न आम्हांस दुय्यम वाटतो. इंडियन ऑइलचें सर्व्हो, भारत पेट्रोलियमचें मॅक, हिंदुस्थान पेट्रोलियमचीं तेलें, हीं पंपावर सहज मिळतात. हिंदुस्थान पेट्रोलियमच्या मुंबईंतील माहूलच्या कारखान्यांत तर वंगणाचें मूळ तेलच तयार होतें. पंपावर घेतल्यानें नकलेचा धोकाहि कमी.

ज्यांच्या घरीं अजून जुनी दोन-स्ट्रोकची स्कुटर जपून ठेविलेली आहे, त्यांच्यासाठीं दोन शब्द. त्या स्कुटरींत इंजिनाचें तेल पेट्रोलांतच मिसळीत, आणि पेट्रोलाबरोबरच तें पिस्टनास पोंचे. अर्थात् घाट उतरतांना ॲक्सिलरेटर पुरता सोडून गियरांत गाडी सोडली तर इंजिन फिरे जोरांत, पेट्रोल येई थोडें, आणि त्याबरोबर तेलहि थोडें. म्हणून जाणते लोक खोपोलीकडे उतरतांना मधून मधून ॲक्सिलरेटर थोडा पिळीत. आमचे वडील असें कां करीत, हें आम्हांस लहानपणीं कळत नसे. आवाज काढण्याची हौस वाटे.

आतां ट्रक व टेंपो. येथें हिशेब मोठा असतो, कारण मोटारसायकलींत जेमतेम लिटरभर तेल मावतें, तर मोठ्या ट्रकाच्या चेंबरांत दहा-पंधरा लिटर वा त्याहूनहि अधिक. तळेगांवच्या पट्ट्यांतून फुलें वाहणारे टेंपो, इंद्रायणी तांदळाचीं पोतीं नेणारे, खडी वाहणारे डंपर, यांचे मालक बहुतेक एका-दोन गाड्यांचे धनी. त्यांनीं सर्वांत आधीं आपली गाडी कोणत्या सालची आहे तें पाहावें. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचा नियम लागूं झाला. त्या नियमाप्रमाणें बनलेल्या डिझेलच्या गाड्यांच्या धुराड्यांत काजळी धरणारी बारीक जाळी असते. काजळी जाळून जाळी साफ होते. पण तेलांतील द्रव्यांची जी राख उरते ती जळत नाहीं, ती जाळींतच बसते. म्हणून या गाड्यांस कमी राखेचें तेल लागतें. तें ‘सी के-४’ दर्जाचें, अथवा कारखान्यानें पुस्तिकेंत सांगितलेलें. जाळी तुंबली तर तिचा खर्च तेलांत वांचलेल्या पैशाच्या कित्येक पट होतो. उलट, २०२० पूर्वीच्या जाळी नसलेल्या ट्रकास ‘सी आय्-४’ दर्जाचें १५डब्ल्यू-४० तेल बहुधा पुरतें. ‘सी के-४’ घातल्यानें बिघडत नाहीं, मात्र त्यासाठीं जास्त पैसे मोजण्याची सक्ति नाहीं. एकच मालक जुना व नवा असे दोन ट्रक बाळगून असेल तर दोहोंसाठीं ‘सी के-४’ ची एकच मोठी बादली घेणें कधीं कधीं स्वस्त पडतें, आणि चुकून अदलाबदल होण्याची भीतिहि राहत नाहीं. नव्या ट्रकांत निराळ्या टाकींत जें ‘यूरिया’चें पाणी भरतात, तें तेल नव्हे, त्याचा कॅन व ऑइलचा कॅन शेजारीं ठेवूं नये.

डिझेलचें तेल दोन दिवसांत काळें पडतें. हें पाहून पुष्कळ मालक ‘फसलों’ म्हणून दुकानदाराशीं भांडतात. काळें पडणें हा तेलाचा दोष नव्हे. काजळी इंजिनास चिकटूं न देतां स्वतःमध्यें धरून ठेवणें हें त्याचें कामच आहे. धुण्याचें पाणी काळें झालें म्हणून साबण वाईट, असें कोणी म्हणत नाहीं. भिण्यासारखें काय, तर बोटांत धरल्यावर पाण्यासारखें पातळ लागणें व डिझेलचा वास येणें, किंवा धातूचा चकाकता कीस दिसणें.

आणि पातळी! आम्हीं ज्या तीन मिस्त्रींजवळ बसलों, त्या तिघांनींहि सांगितलें कीं, त्यांच्याकडे येणारीं निकामी झालेलीं इंजिनें वाईट तेलानें मेलेलीं थोडीं, कमी तेलानें मेलेलीं फार. लहान इंजिन घाटांत लिटरांतलें शंभर-दोनशें मिलिलिटर तेल सहज पिऊन टाकतें, आणि मालक पुढच्या बदलाच्या तारखेपर्यंत पट्टी काढूनहि पाहत नाहीं. दर आठवड्यास एकदां, गाडी सपाट जागीं मधल्या स्टँडवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर थोडा वेळ थांबून पट्टी पाहावी. मावळांत सपाट जागा शोधावी लागते हें आम्ही जाणतों. उतारावर पाहिलेली पट्टी खोटें बोलते. कित्येक मोटारसायकलींत पट्टी न आंवळतां नुसती टेंकवून पाहावयाची असते. तेंहि पुस्तिकेंत पाहावें. खालच्या खुणेखालीं तेल असेल तर त्याच जातीचें घालून भरावें, पण वरच्या खुणेपलीकडे नव्हे. जास्त तेल क्रँकच्या फिरण्यानें घुसळलें जाऊन त्याचा फेंस होतो, आणि फेंसाचा पडदा भार तोलीत नाहीं. दूधवाल्यांच्या इंजिनांतून मिस्त्रीनें जेव्हां तेल काढलें तेव्हां तें तीनशें मिलिलिटरहि भरलें नाहीं. सुट्टें तेल हलकें होतें, म्हणून तें लवकर जळालें. पण वेळींच पट्टी पाहिली असती तर कदाचित् इंजिन वांचलें असतें. दोष एकट्या दुकानदाराचा नव्हता, असें त्या मुलाच्या वडिलांनींच आम्हांस सांगितलें.

नकली मालाविषयीं थोडें. रिकामा डबा भंगारवाल्यास जसाच्या तसा दिला तर तो पुन्हा भरून बाजारांत येऊं शकतो. म्हणून नवें तेल घालून झाल्यावर डब्यास खिळ्यानें भोंक पाडावें व कागद फाडून टाकावा. घेतांना झांकणाचें सील, त्याखालचा पत्रा, तयार केल्याचा महिना व बॅच पाहावी, आणि पावती मागावी. मिस्त्रीकडे बदलावयाचें असल्यास डबा आपल्या डोळ्यांदेखत फोडावयास सांगावा. त्यांत कोणाचा अपमान नाहीं, आणि प्रामाणिक मिस्त्री त्याबद्दल रागावत नाहीं.

राहिलें जळालेलें काळें तेल. आमच्या गांवांत तें सेंट्रिंगच्या पाट्यांस लावतात, लांकडाच्या खांबांस वाळवी लागूं नये म्हणून चोपडतात, आणि उरलेलें ओढ्यांत सोडतात. ओढा इंद्रायणीस नाहीं तर पवनेस मिळतो, आणि त्याच पाण्यावर खालचीं गांवें व शहरें जगतात. वापरलेल्या तेलांत काजळी, आम्ल व धातूचे कण असतात. कायद्यानें तो घातक कचरा आहे. तें शुद्ध करून पुन्हा मूळ तेल बनवितां येतें, आणि एप्रिल २०२४ पासून तेल बनविणाऱ्या कंपन्यांवर वापरलेलें तेल परत गोळा करविण्याची जबाबदारी कायद्यानें टाकलेली आहे. घरीं तेल बदलणाऱ्यांनीं तें जुन्या डब्यांत भरून, वर ‘जळालेलें’ असें लिहून, मोठ्या गॅरेजास द्यावें. तेथें तें पिंपांत गोळा होतें. हात साबणानें धुवावे. पेट्रोलनें धुण्याची मिस्त्रींच्या पोरांची जी संवय आहे ती त्वचेस वाईट.

हा लेख लिहून होत आला तेव्हां तो विद्यार्थी एक वही घेऊन आला. त्यानें तींत चार रकाने आंखले आहेत : तारीख, किलोमीटर, घातलेलें तेल, पट्टीची खूण. दर रविवारीं सायंकाळीं वडील गाडी शाळेच्या पटांगणांत आणून उभी करतात, कारण त्यांच्या घराजवळ सपाट जागा नाहीं, आणि मुलगा पट्टी पाहून वहींत टिपतो. गेल्या सात आठवड्यांत एकदां साठ मिलिलिटर तेल घालावें लागलें. डबा १०डब्ल्यू-३०, ‘एस् जे’, ‘एम् ए’ असा आहे. गेलेल्या दोन हॉटेलांपैकीं एकाचें दूध पुन्हा सुरूं झालें आहे.